ट्रेलरला चेकर्ड प्लेट मारू का? आणि वाचकांचे बाकी प्रश्न

गाडी वाहायच्या ट्रेलरबद्दल मागे दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आला. ठाणे-नवी मुंबईत एवढी माणसं ट्रेलर बाळगून आहेत हे मला खरंच माहीत नव्हतं, मला वाटायचं मी आणि रबाळ्याचे दोन-तीन गॅरेजवाले एवढेच वेडे. सगळ्यांना पुरं पडणं शक्य नाही, पाच प्रश्न घेतलेत. स्वस्तात काय करता येईल हेच बहुतेकांनी विचारलंय आणि तेच बरं आहे.

प्रश्न : दादा, ऐरोलीत माझं छोटं गॅरेज आहे. बंद गाड्या आणायला दोन ॲक्सलचा जुना ट्रेलर घेतलाय. आरसीवर भरलेलं वजन २००० किलो आणि रिकामं ६५० किलो आहे. वरचं प्लाय सडलंय. पूर्ण चेकर्ड प्लेट (उठावाच्या नक्षीचा पत्रा) मारावी, बाजूने एलईडी पट्ट्या लावाव्या, पुढे मोठा टूलबॉक्स बसवावा असं डोक्यात आहे. २० हजारात बसवायचंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सुरुवात कागद-पेनापासून करा, कळंबोलीला लोखंड आणायला नंतर जा. २००० मधून ६५० गेले, राहिले १३५०. एवढीच जागा तुमच्या हातात आहे आणि ट्रेलरवर जे काही कायमचं चढवाल ते ह्यातूनच जाणार. ३ मिलीची लोखंडी चेकर्ड प्लेट चौरस मीटरला साधारण २५ किलो भरते, तुमचा डेक ४ बाय २ मीटर धरला तर ८ चौरस मीटर, म्हणजे झाले २०० किलो. सडकं प्लाय काढल्याचे ८०-९० वजा केले तरी शंभरावर किलो वाढलेच, मग टूलबॉक्स, त्यात जॅक, पाने, साखळ्या, आणि एखादी क्रेटासारखी गाडी उचलायची वेळ आली की तुम्ही मर्यादेच्या पलीकडे. पोलिसाने पकडायची गोष्ट सोडा, ब्रेक मारल्यावर कळतं.

म्हणून पूर्ण डेक झाकू नका. गाडीची चाकं जिथून जातात तेवढ्या दोनच पट्ट्या करा, प्रत्येकी अर्धा मीटर रुंद. ४ चौरस मीटरमध्ये काम होतं, १०० किलोत, म्हणजे जुन्या प्लायएवढंच वजन. मधली जागा उघडी राहिली की खाली वाकून पट्टे बांधायलाही बरं पडतं आणि पाणी साचत नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात कटपीस मिळतात का बघा, अख्खी शीट घ्यायची गरजच नाही. फक्त चेकर्ड प्लेट पावसात, त्यात वर ऑइल सांडलेलं असेल तर बर्फासारखी निसरडी होते, तेव्हा रंगाचा एक हात ओला असतानाच त्यावर चाळलेली जाडी वाळू भुरभुरवा आणि वाळल्यावर वरून अजून एक हात मारा. ज्यांना प्लायच हवंय त्यांनी आयएस ७१० लिहिलेलं मरीन प्लाय घ्यावं आणि कापलेल्या कडांना आणि बोल्टच्या भोकांना आतून रंग पाजावा, प्लाय वरून नाही, कडेने सडतं.

टूलबॉक्स पुढे दांडीवर बसवताय ते चांगलंय, कारण पुढे थोडं वजन लागतंच. ढोबळ हिशोब असा की एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायच्या सांध्यावर, यावा, आणि तुमच्या हिचवर जी मर्यादा लिहिलीय त्याच्यापेक्षा जास्त नाही. हा भार कमी पडला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, साठ-सत्तरच्या स्पीडला मागून कोणी ढकलतंय असं वाटतं. मोजायला वजनकाटा नको, घरातला बाथरूमचा काटा चालतो. एका मजबूत फळीचं एक टोक पाइपच्या तुकड्यावर ठेवा, दुसरं टोक काट्यावर, मध्ये तीन फूट अंतर. ट्रेलरची दांडी पाइपपासून एक फुटावर आणि काट्यापासून दोन फुटांवर टेकवा. काटा दाखवेल त्याची तिप्पट म्हणजे तुमचा भार. दांडी नेहमी जोडतो त्याच उंचीला हवी. बायको काट्यावरून ओरडेल, ते तुम्ही बघून घ्या.

एलईडी पट्ट्या विसरा. त्याऐवजी रिफ्लेक्टिव्ह टेप लावा, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, आणि लावायच्या आधी जागा थिनरने पुसा नाहीतर पहिल्या पावसात सोलून येते.

आणि आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत ते, बेअरिंग. एका जुलैत तुर्भ्याला गुडघाभर पाण्यातून मी ट्रेलर काढला, दोन दिवस पाऊस होता, म्हटलं उघडून बघू नंतर. ते नंतर आलं आठवड्याने, खारघरच्या पुढे, आधी चर्रर्र आवाज आणि मग आरशात चाकाजवळ धूर. हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) उघडलं तर ग्रीस दुधाळ झालेलं, अगदी चहात बिस्कीट विरघळल्यासारखं, आणि बेअरिंगचे रोलर निळे पडलेले. चूक शंभर टक्के माझी होती. ग्रीसचा डबा आणि एक रविवार, एवढ्यात वाचलं असतं ते सगळं. तर जुना ट्रेलर घेतल्यावर पहिलं काम चारही हब उघडायचे, डिझेलने धुवायचे, सील नवीन, लिथियमचं ईपी-२ ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगमध्ये खालून दाबून वरून बाहेर येईपर्यंत भरायचं. नट आवळताना चाक हाताने फिरवत राहा, आवळून झाल्यावर सैल करा आणि मग फक्त बोटांनी घट्ट होईल तेवढाच, वर नवीन कॉटर पिन, म्हणजे नट फिरू नये म्हणून घालायची पिन. जुनी पिन सरळ करून परत घालणाऱ्यांना मी नमस्कार करतो. नंतर दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा, हबला हाताची मागची बाजू लावा, कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर परत उघडा.

एवढं झाल्यावर २० हजारातलं जे उरेल त्यात टेकू. टेकूचं पुढे सांगतो, दुसऱ्या एकाने विचारलंय.

प्रश्न : कासारवडवलीहून. उजवा इंडिकेटर दिला की ट्रेलरची टेललाइटपण लुकलुकते, ब्रेक दाबला की सगळंच मंद होतं. दोनदा बल्ब बदलून झाले. आता एलईडी लावले तर जाईल का प्रॉब्लेम?

उत्तर : बल्बचा काही दोष नाही, तुमची अर्थिंग गेलीय. करंटला घरी परत जायचा रस्ता मिळाला नाही की तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो, म्हणून जे पेटायला नको ते पेटतं आणि जे पेटायला हवं ते मिणमिणतं. बहुतेक ट्रेलरमध्ये अर्थ चासीला दिलेली असते आणि चासीतून हिचच्या गोळ्यातून ओढणाऱ्या गाडीपर्यंत जाईल अशी आशा. त्या गोळ्यावर आपणच ग्रीस थापलेलं असतं, मग कशी जाणार?

सात पिनांच्या नेहमीच्या प्लगमध्ये पांढरी वायर अर्थची असते. ती प्लगपासून थेट मागच्या दोन्ही लाइटपर्यंत स्वतंत्र न्या, चासीवर विसंबू नका. बाकी पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेक, तपकिरी उजवी टेल, काळी डावी टेल. तुमच्या ट्रेलरवर आधीच्या मालकाने हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडलेली असू शकते, त्यामुळे रंगावर विश्वास ठेवायच्या आधी टेस्ट लॅम्प लावून बघा. जोड पिळून टेप गुंडाळायची सवय सोडा, ट्रेलर इतका हादरतो की तो जोड सहा महिने टिकत नाही. लग (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) दाबून वर हीट श्रिंकची, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी, नळी. सगळ्या वायरी फ्लेक्सिबल पाइपमधून आणि प्लगच्या पिनांना थोडं पेट्रोलियम जेली. सगळं मिळून हजार रुपयांत होतं.

एलईडी नंतर जरूर लावा, करंट कमी खातात. पण २१ वॅटचा बल्ब काढून एलईडी लावला की गाडीच्या फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला, वाटतं बल्ब उडाला आणि इंडिकेटर वेड्यासारखा पटापट मारायला लागतो. तेव्हा घाबरून परत मला लिहू नका, एलईडीला चालणारा फ्लॅशर घाला.

प्रश्न : मी खारघरची. बाबांची जुनी पद्मिनी ट्रेलरवर टाकून गावी न्यायचीय. एका ओळखीच्यांनी खालून ॲक्सलला साखळीने आवळून दिली होती, तर पोहोचेपर्यंत साखळी सैल झालेली आणि खालचा रंग खरवडलेला. काय बदलू?

उत्तर : ताई, साखळी काढा. पद्मिनी नऊशे किलोच्या आसपासची गाडी, तिला चार रॅचेट पट्टे पुरतात, पण चाकांवरून बांधायचे पट्टे घ्या, जे टायरला मिठी मारतात. चासी खाली खेचून बांधली की खड्ड्यात स्प्रिंग दबते, त्या क्षणी पट्टा सैल, आणि मग झटका. चाक बांधलं की वरची गाडी आपल्या स्प्रिंगवर डोलत राहते, पट्टा तसाच ताठ.

पट्ट्याच्या निळ्या लेबलवर दोन-तीन आकडे असतात, त्यात एलसी (पट्ट्याची बांधायची क्षमता) समोरचा आकडा बघायचा, तो वापरायचा. मोठ्या अक्षरात ५ टन लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा पट्टा दुहेरी घेतल्यावरचं किंवा तुटायचं वजन असतं, दुकानदार तेच दाखवतो. पट्टा जिथे लोखंडाच्या कडेवरून जातो तिथे जुन्या फायर होजचा तुकडा चढवा. घरी आल्यावर पट्टे गॅलरीच्या उन्हात लटकवू नका, पॉलिस्टर उन्हाने मरतं आणि वरून दिसतही नाही.

बांधायच्या कड्या डेकच्या पत्र्याला वेल्ड केलेल्या असतील तर त्या काढून खालच्या चॅनलला बोल्टने बसवा, मागून जाड पॅकिंग प्लेट देऊन. वेल्डिंग करायचंच झालं तर ट्रेलर गाडीपासून सोडवा, प्लगसुद्धा काढा, नाहीतर गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरला थांबून पट्टे परत आवळायचे. गव्हाण फाट्याला चहा घ्या, तेवढ्यात होतं. आणि बाबांना गाडीत बसून येऊ देऊ नका, हट्ट करतील.

प्रश्न : बंद गाडी वर चढवताना चार माणसं लागतात. इलेक्ट्रिक विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) घेऊ का? शिवाय गाडी चढताना पिकअपची मागची चाकं हलकी होतात, एकदा घसरलं होतं. – कळवा

उत्तर : दुसरं आधी, कारण ते जीवावरचं आहे. गाडी ट्रेलरच्या मागच्या टोकावर आली की ट्रेलर तराजूसारखा कलतो, मागे खाली, दांडी वर, आणि दांडी तुमच्या पिकअपची पाठ उचलते. हँडब्रेक बहुधा मागच्याच चाकांना, ती हवेत, मग काय उरलं? इथे टेकू लागतो. ५० बाय ५० चा चौकोनी पाइप, ३ मिली जाडीचा, ट्रेलरच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांना उभा बसवा. आत ४० बाय ४० चा पाइप सरकतो, त्याला इंचा-दीड इंचावर आरपार भोकं पाडा, १२ मिलीची पिन घाला, खाली हातभर रुंद प्लेटचा पाय. चढवायच्या वेळी पाय खाली सोडायचा, नंतर वर करून पिन मारायची. पिनेला साखळी बांधा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात घोडबंदरवर कुठेतरी पडेल. गल्लीतला फॅब्रिकेटर अर्ध्या दिवसात करून देतो. शिवाय पिकअपच्या चाकांना लाकडी पाचरी, त्या फुकट.

आता विंच. उंची भागिले रॅम्पची लांबी एवढंच गणित. डेक २ फूट उंच, रॅम्प ६ फूट, म्हणजे ११०० किलोची गाडी ओढायला साधारण ३७० किलोचा जोर, वर टायरच्या घर्षणाचा थोडा. रॅम्प ८ फूट केला तर तोच २७५. टायर बसलेला असेल तर आकडा खूप वाढतो म्हणून दुप्पट पकडून चाला. एक टनाची हाताची विंच आणि एक पुली पुरते, पुलीतून दोर परत आणला की जोर निम्मा लागतो, दोर मात्र दुप्पट गुंडाळावा लागतो, घाई कोणाला आहे? इलेक्ट्रिक विंच भरपूर करंट खाते, जाड वायर, वेगळी बॅटरी, सगळं धरून तुमचं बजेट तिथेच संपतं. फुकटची युक्ती हवी असेल तर ट्रेलर असा लावा की त्याचं शेपूट रस्त्याच्या चढाच्या बाजूला येईल, रॅम्प आपोआप सपाट होतो. ओढताना दोराच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही.

प्रश्न : ट्रेलरला मारुती ८०० चे जुने टायर टाकले तर? आणि डेक दोन फूट लांब करून घेऊ का? – दिवा

उत्तर : दोन्हीला नाही. ८०० च्या टायरवर ६९ असा लोड इंडेक्स असतो, म्हणजे एका टायरला ३२५ किलो, चार मिळून १३००, ट्रेलरच्या वजनासकट. ८८ वाला घेतलात तर एकाला ५६० मिळतात. जुना टायर घेताना बाजूचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी बाजूला बारीक भेगा दिसल्या की दुकानातून निघून या.

डेक लांबवणं म्हणजे आरसीवरची मापं बदलणं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते, आणि लांबी वाढली की वजन मागे सरकतं ते वेगळंच. ॲक्सल, ब्रेक आणि कपलरलाही घरचं वेल्डिंग नको.

एक विनंती, फोटो पाठवताना टायरच्या बाजूचे आकडे आणि प्लगच्या आतल्या पिना दिसतील असे पाठवा. ह्यावेळी अकरा फोटो आले, त्यातले आठ मागच्या स्टिकरचे होते.