संगीत मासिकाच्या जोडपानाच्या मांडणीचे विश्लेषण कसे करावे?

जोडपान, म्हणजे समोरासमोरची दोन पाने, वाचण्याआधी हातभर अंतरावर धरून नजर प्रथम कुठे पडते आणि तिथून कुठे सरकते, हे नोंदवावे. छायाचित्रातील गायक मजकुराकडे पाहतो आहे की पानाबाहेर, आणि त्याचा चेहरा मधल्या घडीत दुमडला तर गेला नाही ना, हेही तपासावे. मग मांडणीमागचा हेतू शोधावा. ‘रे गन’ या अमेरिकी मासिकात १९९४ साली मांडणीकार डेव्हिड कार्सन यांनी ब्रिटिश गायक ब्रायन फेरी यांच्यावरील लेख कंटाळवाणा वाटला म्हणून अक्षरांच्या जागी निव्वळ चिन्हे असलेल्या ‘झाफ डिंगबॅट्स’ या टंकात (फॉन्टमध्ये) छापला. तेथे मांडणीकाराचे मत ठसठशीतपणे उमटले, हे खरे. परंतु त्यासाठी वाचकाला मजकुरापासून तोडणे मला पटत नाही.