सेंट लुईसची कॅथलिक रुग्णालये आणि तुमचे बाळंतपण

ताई, यजमानांच्या बदलीमुळे तुम्ही अमेरिकेत सेंट लुईसला येत आहात, दुसरे बाळंतपण इथेच व्हायचे आहे आणि कंपनीच्या विम्याच्या यादीत कॅथलिक रुग्णालयेच जास्त दिसतात, म्हणून आपल्यासारख्या ख्रिस्ती नसलेल्यांना तिथे घेतात का आणि मिशनची असल्यामुळे खर्च कमी येतो का, असे तुम्ही विचारले आहे. घेतात, आणि वागणुकीत भेद करत नाहीत. खर्चाविषयी मात्र आपल्याकडच्या मिशन दवाखान्याची कल्पना मनातून काढून टाका.

अमेरिकेतले पहिले कॅथलिक रुग्णालय 1828 मध्ये याच शहरात धर्मभगिनींनी एका लाकडी घरात सुरू केले. पुढे 1965 मध्ये मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, कायदा होऊन रुग्णालयांकडे सरकारी पैसा वाहू लागला, त्याच सुमारास धर्मभगिनींची संख्या घटू लागली आणि कारभार व्यावसायिक व्यवस्थापकांकडे गेला. विमा कंपन्यांशी दर ठरवताना आकार मोठा असलेला बरा, म्हणून नंतर विलीनीकरणे झाली. 1999 मध्ये असेन्शन ही अनेक रुग्णालये चालवणारी संस्था उभी राहिली आणि 2019 मध्ये कॅथलिक हेल्थ इनिशिएटिव्हज व डिग्निटी हेल्थ या तशाच दोन संस्था मिळून कॉमनस्पिरिट झाली. असेन्शन, मर्सी आणि एसएसएम हेल्थ या तिन्ही कॅथलिक संस्थांची मुख्यालये सेंट लुईस परिसरातच आहेत. कायद्याने या ना-नफा संस्था असल्या, तरी बिले इतरांसारखीच मोठी येतात.

तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे आणि ती इथे आधी कोणी सांगत नाही. या रुग्णालयांवर अमेरिकी बिशप परिषदेचे नैतिक व धार्मिक निर्देश बंधनकारक असतात, आणि त्यांत गर्भपात, गर्भनिरोधन, टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार व नसबंदी यांना मनाई आहे. आपल्याकडे दुसऱ्या सिझेरियनच्या वेळीच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया उरकून घेण्याची रीत आहे. माझ्या परिचयातील एका मराठी बाईंनी ती गृहीत धरली होती. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी, इथे ते करता येत नाही, असे सांगितले. शेवटी बाळ सांभाळत, दुसऱ्या रुग्णालयात, पुन्हा भूल घेऊन त्यांना ती करून घ्यावी लागली. डॉक्टरांची इच्छा नव्हती असे नाही, नियमाने त्यांचे हात बांधलेले होते. एका बाईला नाहक दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते, हे मला आजही पटत नाही. तेव्हा पहिल्याच भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारा की, प्रसूती कोणत्या रुग्णालयात होईल आणि तिथे नसबंदी किंवा तांबी बसवणे होते का. नुसत्या नावावर विसंबू नका, कारण विलीनीकरणानंतर नावात ‘सेंट’ नसलेल्या काही रुग्णालयांनाही हेच निर्देश लागू झाले आहेत, तर डिग्निटी हेल्थच्या छत्राखाली कॅथलिक नसलेलीही रुग्णालये आहेत. सेंट लुईसमध्ये तुमच्या विम्यात बीजेसी या संस्थेची रुग्णालये असतील, तर ती धर्मसंस्थेची नाहीत. हा पर्याय आधीच तपासून ठेवा.

आता पैशांचे. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी 10 टक्के खाटा राखाव्या लागतात. तशी राखीव खाट इथे मागता येत नाही. त्याऐवजी 2010 च्या आरोग्य कायद्यानुसार प्रत्येक ना-नफा रुग्णालयाला, कॅथलिक असो वा नसो, आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवावे लागते, आणि घरी गेल्यावर आलेल्या पहिल्या बिलापासून 240 दिवसांपर्यंत त्यासाठीचा अर्ज स्वीकारावा लागतो. उत्पन्न आणि कुटुंबातील माणसे पाहून सूट ठरते. मर्यादा प्रत्येक संस्थेची वेगळी. विमा असूनही डिडक्टिबलची, म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची, रक्कम जड जात असेल, तर संकोच न करता अर्ज मागा आणि सोबत पगाराच्या अलीकडच्या पावत्या जोडा. या धोरणासोबत एक यादी असते, तीत कोणत्या डॉक्टरांची बिले सवलतीत येतात ते दिलेले असते. भूलतज्ज्ञाचे बिल बहुधा वेगळे येते, म्हणून त्यांचा गट त्या यादीत आहे का, हे प्रसूतीआधीच पाहून घ्या.