लीड्सला निघालेल्या सोलापूरच्या नर्सताईला: डिसेंबरचा पगार जानेवारीअखेर कसा पुरवायचा

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इंग्लंडमधल्या लीड्सच्या सरकारी हॉस्पिटलात रुजू होतेस. वडिलांनी पतसंस्थेतून काढलेल्या कर्जाचा हप्ता जानेवारीपासून सुरू होतोय. वॉर्डच्या ग्रुपवर आत्तापासूनच ख्रिसमस पार्टीचे आणि सेलचे मेसेज यायला लागलेत. तर पहिल्या दोन महिन्यांत खर्च कसा आवरायचा, सेलमध्ये काय घ्यायचं आणि गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या आपल्या सिद्धेश्वर यात्रेला, घरी किती पाठवायचे?

मी सोलापूरचीच, इथे नर्सिंगमध्येच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी पगाराची तारीख. इथे पगार महिन्यातून एकदा होतो आणि बऱ्याच ठिकाणी डिसेंबरचा पगार ख्रिसमसच्या आधीच खात्यात येतो. त्यानंतरचा थेट जानेवारीच्या शेवटी. म्हणजे चार आठवड्यांचे पैसे पाच-सहा आठवडे पुरवायचे असतात आणि नेमक्या त्याच आठवड्यांत ख्रिसमस, सेल, न्यू इयर, संक्रांत आणि तुझा पहिला हप्ता येतो. इथे जन्मलेल्यांनाही जानेवारी जड जातो. तेव्हा डिसेंबरचा पगार हा जानेवारीचाच पगार आहे असं मनाशी पक्कं करून विमानात बस. बाकी मी जे काही सांगणार आहे ते सगळं यावरच उभं आहे.

आपल्याकडे बायका भिशी कशी पाळतात बघ. आमच्या घरी पैसे हातात पडले की आई भिशीची नोट चौघडी करून देवघरातल्या डबीत ठेवायची आणि मगच पिशवी घेऊन बाजारात जायची. भाजी कमी आली तर आली, डबीला हात नाही. इथेही तेच कर. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये एकाच खात्यात वेगवेगळे कप्पे करता येतात. पगार जमा झाला त्याच सकाळी खोलीभाडं, कर्जाचा हप्ता, घरचे पैसे आणि जानेवारीचा किराणा-बस असे चार कप्पे भर. किराण्याच्या रकमेचे पाच-सहा भाग कर आणि दर सोमवारी एकच भाग बाहेर काढ. एवढं झाल्यावर जे उरेल त्यातच पार्टी, भेटवस्तू, सेल सगळं बसवायचं. महिनाअखेरीस उरेल ते बाजूला टाकू असं ठरवलंस तर डिसेंबरात काहीच उरणार नाही, कारण या महिन्यात दर दोन दिवसांनी कुणीतरी काहीतरी सुचवत असतं.

आता एक गोष्ट जी येताना फारसं कुणी सांगत नाही. इथलं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि १२,५७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही. तू नोव्हेंबरअखेर रुजू होतेस, म्हणजे ५ एप्रिलपर्यंत तुझी एकूण कमाई या मर्यादेच्या आतच राहील. रुजू होताना भरायच्या फॉर्मवर ‘या करवर्षातली ही माझी पहिलीच नोकरी’ हा पर्याय नीट निवडलास आणि टॅक्स कोड (किती कर कापायचा ते ठरवणारा क्रमांक) बरोबर लागला, तर मार्चपर्यंत आयकर जवळजवळ कापलाच जाणार नाही. नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याची वर्गणी) आणि पेन्शन मात्र कापलं जाईल. त्यामुळे पहिले पगार चांगले भरघोस दिसतील आणि तोच आकडा कायमचा धरून लोक मोठी खोली घेतात, फोनचा हप्ता लावतात. एप्रिलपासून कर सुरू होतो. पिन (इथली नर्स म्हणून नोंदणीचा नंबर) मिळून तू बँड ५ मध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या नर्सच्या पगारश्रेणीत, गेलीस की आयकरच महिन्याला अडीचशे पौंडांच्या आसपास जाईल. म्हणून सुरुवातीपासूनच महिन्याला दोनशे पौंड आलेच नाहीत असं समज आणि बाजूला ठेव. एप्रिलपर्यंत तुझ्याकडे अडीअडचणीची गंगाजळी तयार होईल आणि राहणीमानही खाली आणावं लागणार नाही.

पेरोलची (पगार विभागाची) कागदपत्रं ठरलेल्या तारखेच्या आत पोचली नाहीत तर पगार पुढच्या महिन्यावर जातो. बँकखातं उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो आणि त्यात दिवस मोडतात, म्हणून हॉस्पिटलकडून पत्त्याचं पत्र पहिल्याच आठवड्यात मागून घे. नॅशनल इन्शुरन्स नंबर आला नाही म्हणून काम किंवा पगार थांबत नाही, तो नंतर देता येतो. पण सगळंच लांबलं तर पहिला पगार जानेवारीअखेर होऊ शकतो, हे धरून तेवढे दिवस भाडं, जेवण आणि बस भागेल इतके पैसे सोबत आण. पाहुण्यांकडून उसने घ्यायचे असतील तर ते आत्ता सोलापुरात बसून घे. ओळख नसलेल्या शहरात ऐन ख्रिसमसमध्ये हात पसरायची वेळ येऊ नये गं.

सणाच्या दिवशी काम केलं तर जादा पैसे मिळतात हे तू ऐकलंच असशील. बँड ४ पासून वर रात्रीला आणि शनिवारी ३० टक्के, रविवारी आणि सरकारी सुट्टीला ६० टक्के जादा. पण पिन मिळेपर्यंत तुला अशा शिफ्ट मिळतीलच असं नाही, आणि मिळाल्या तरी ही जादा रक्कम बहुतेक पुढच्या महिन्याच्या पगारात येते. म्हणजे २५ डिसेंबरला राबलीस तर पैसे जानेवारीअखेर. त्या भरवशावर डिसेंबरात खरेदी करू नकोस. शिवाय त्या दिवशी रेल्वे बंद असते, बसही जवळपास नसतात आणि टॅक्सी फार महाग पडते. शिफ्ट लागली तर कुणाच्या गाडीतून जाणार ते आठवडाभर आधीच ठरव.

किराण्याची घाई मात्र उगाच करतात लोक. मोठी दुकानं २५ तारखेला कायद्यानेच बंद असतात, २००४ सालचा कायदा आहे तसा. पण ती एकाच दिवसासाठी. २६ला काही आणि २७ला बहुतेक सगळी उघडतात. तरी २३-२४ला महिनाभराचा दुष्काळ पडणार असल्यासारख्या ट्रॉल्या भरल्या जातात आणि त्यातलं बरंच वाया जातं. तू दोन दिवसांचं दूध, अंडी, भाजी घेऊन ठेव, पुरे. भाजीसाठी कर्कगेट मार्केट बघून ठेव. १८८४मध्ये मार्क्स अँड स्पेन्सर या इथल्या मोठ्या दुकानसाखळीची सुरुवात याच बाजारातल्या एका ठेल्यावरून झाली. संध्याकाळी ठेले आवरायच्या सुमारास गेलीस तर टोमॅटो, मिरच्या, कोथिंबीर स्वस्तात मिळतात.

सेलबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी तुला दोनच गोष्टी चांगल्या प्रतीच्या लागतात: पाऊस आत न येणारा जाड कोट आणि पाणी न शिरणारे बूट. यात कंजूषी करू नकोस, सर्दी-तापाने शिफ्ट बुडणं जास्त महाग पडतं. बाकी भांडी, दिवा, कपाट, स्वेटर हे चॅरिटीच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांतून घे, तिथे जायला लाजायचं कारण नाही, इथे सगळेच जातात. अंगावर घ्यायला घरून एक चादर आण, आपल्या चाटी गल्लीतली. ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत खरेदी रद्द करायचा इथे कायद्याने हक्क आहे. दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला मात्र निव्वळ मन बदललं म्हणून तसा हक्क नाही, दुकानदाराच्या मर्जीवर असतं. ‘आज घ्या, तीन हप्त्यांत द्या’ असं बटण दिसेल तिथे खरेदी तिथेच सोड. ते हप्ते नेमके जानेवारीत येऊन पडतात. क्रेडिट कार्ड मिळालं तर फक्त किराण्याला वापर आणि दर महिन्याला पूर्ण बिल भर. कमीत कमी रक्कम भरत राहिलीस तर बाकीवर वर्षाला वीस टक्क्यांहून जास्त व्याज लागू शकतं.

आता खरं अवघड काम. डिसेंबरात लीड्सला पावणेचारला सूर्य मावळतो. शिफ्ट संपवून अंधारात खोलीवर यायचं, शेजारच्या घरांत दिवे, माणसं, हसणं आणि आपल्या खोलीत कुणी नाही. त्या वेळी हात फोनकडे जातो आणि काहीतरी मागवलं जातं. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुलींचे पैसे पार्ट्यांपेक्षा अशा संध्याकाळींत गेलेत. म्हणून त्या आठवड्यांत रात्रीची सात ते नऊ ही वेळ ठरवून भरून टाक. ओएससीईची, म्हणजे नोंदणीच्या प्रात्यक्षिक परीक्षेची, तयारी कर, उद्याचा डबा कर, घरी फोन कर. जवळपासच्या मराठी किंवा मल्याळी नर्सेसना शोध आणि आळीपाळीने एकमेकींकडे जेवा. मल्याळी मुली याबाबतीत फार व्यवस्थित असतात, त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

वॉर्डात सिक्रेट सँटा असेल, म्हणजे चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची. त्याची पाच-दहा पौंडांची मर्यादा ठरलेली असते, तेवढ्यातच राहा. कार्डांचं एक स्वस्त पाकीट आण आणि प्रत्येकाला नाव घालून दोन ओळी लिहून दे. इथे त्याची किंमत खूप मोठी असते. हॉटेलातल्या पार्टीला ‘या वर्षी जमणार नाही’ म्हटलंस तर कुणी वाईट वाटून घेत नाही. घरून करून न्यायचं असेल तर चिवडा किंवा खारे शंकरपाळे ने, पण शेंगदाणा घातलेलं काही नको. आपल्या शेंगाचटणीचा कितीही अभिमान असला तरी इथे शेंगदाण्याची ॲलर्जी ही जिवावर बेतणारी गोष्ट आहे. चटणी खुशाल आण, पण स्वतःच्या डब्यापुरती. पेढे, खवा, तूप मात्र बॅगेत घालू नकोस, भारतातून दुग्धजन्य पदार्थ आणायला मनाई आहे.

राहिला घरचा विषय. परदेशी गेली म्हटल्यावर पहिल्याच महिन्यात भावाला फोन, आत्याला साडी, कुणाला तरी उसने अशा अपेक्षा सुरू होतील. यात कुणाचा दोष नाही, त्यांना इथलं भाडं माहीत नसतं. निघण्याआधी आई-वडिलांना घेऊन बस आणि एका कागदावर पगार, कपात, भाडं, हप्ता असं सगळं मांडून दाखव. या जानेवारीत कर्जाचा हप्ता आणि गड्ड्यासाठी पाच हजार रुपये, एवढंच पाठव. आजच्या भावाने ते पन्नास पौंडांच्या आत बसतं. आकडा आधीच सांगितलास की फोनवर रडारड होत नाही. पैसे पाठवताना ‘शून्य फी’ला भुलू नकोस, हातात किती रुपये पडतात तेवढंच दोन-तीन ठिकाणी ताडून बघ. इथे आल्यावर तुझं भारतातलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागेल.

या वर्षी गड्ड्याचा अक्षता सोहळा फोनवरच बघ, आपल्याकडे दुपार असते तेव्हा इथे सकाळ असते. पुढच्या वर्षापासून मी करते तसं कर. ख्रिसमसच्या आणि १ जानेवारीच्या शिफ्ट आपण घ्यायच्या आणि त्या बदल्यात संक्रांतीच्या सुमाराला रजा मागायची. मुलंबाळं असलेल्या सहकाऱ्यांना डिसेंबर हवा असतो, त्यामुळे हा सौदा कुणाला जड जात नाही. इथल्या शाळा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उघडल्या की विमानाची तिकिटंही उतरतात. रजेचा अर्ज उन्हाळ्यातच टाक आणि मुंबईबरोबर हैदराबादचंही भाडं बघ, तिथून सोलापूर जवळ पडतं.

आल्यावर मतदार यादीत नाव नोंदव. भारतीय नागरिकांना इथे तो हक्क आहे आणि पत तयार व्हायला त्याची मदत होते. आणि आज पेरोलला एक मेल टाक: डिसेंबरच्या पगाराची तारीख कोणती, त्यासाठी कागदपत्रं कधीपर्यंत द्यायची, आणि नव्या लोकांना पगारापोटी उचल मिळते का. उत्तर आलं की मला कळव, मग तुझे कप्पे आपण आकडे घालून बसवू.