“मधले तीन आठवडे लोकांसमोर कशी जाऊ?”

हे विचारणाऱ्या बाई पन्नाशीच्या. नाकाच्या शेंड्यावरची त्वचेच्या कॅन्सरची गाठ काढायची आणि कपाळाच्या कातडीनं नाक पुन्हा घडवायचं, असं ठरलं होतं. शस्त्रक्रियेची भीती नव्हती. “नाक होईल हो, पण मधले तीन आठवडे?” या शस्त्रक्रियेआधी मनाच्या तयारीसाठी माझ्याकडे येणारे बरेच जण हेच विचारतात.

प्रश्न रास्त आहे. कपाळावरचा पट्टा, म्हणजे फ्लॅप, खाली वळवून नाकावर शिवतात, पण भुवईजवळचं टोक लगेच तोडत नाहीत. पट्ट्याला जगवणारी रक्तवाहिनी तिथूनच येते. दाब कलमाची फांदी मुळं धरेपर्यंत झाडापासून तोडत नाहीत, तसंच हे. नाकाकडून रक्तपुरवठा सुरू व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. नाक बारीक घडवायचं असेल तर मध्ये आणखी एक टप्पा येतो आणि मुक्काम वाढतो. तोवर भुवईपासून नाकापर्यंत कातडीचा पूल दिसतो. तो विचित्रच दिसतो. “काही कळणार नाही” असं मी कुणालाच सांगत नाही.

धीर द्यायला अनेक जण कावसजीची गोष्ट सांगतात. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेला हा गाडीवान. कपाळाच्या कातडीनं त्याचं नाक घडवल्याची हकिगत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये १७९४ साली छापून आली. गोष्ट खरी आहे, पण त्यातलं त्याचं चित्र बरं झाल्यानंतरचं. बाईंना मधल्या दिवसांचे फोटो हवे होते. सर्जनकडून ते मागवले आणि बहिणीला सोबत बसवून पाहिले. त्या रडल्या. मग म्हणाल्या, “हे नातवानं अचानक पाहायला नको.” म्हणून त्याला आधीच चित्र काढून समजावलं.

बाकी तयारी साधी होती. घरी कोण येईल ते ठरवलं. “नाकाचं ऑपरेशन झालंय, अजून एक टप्पा बाकी आहे” एवढं वाक्य पाठ केलं, पुढच्या चौकशीला उत्तर द्यायचं बंधन नाही. तंबाखूची मिश्री मात्र सर्जननं बंद करायला लावली, कारण निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि पट्टा दगावू शकतो. त्यावर आमचं सगळ्यात लांबलचक बोलणं झालं.

एक गोष्ट माझ्याही यादीत नव्हती: पुलामुळे चष्मा नीट बसत नाही. ती त्यांनीच विचारली, आणि आता मी प्रत्येकाला आधीच सांगते.