तंबोऱ्याची जवारी: काढायची, लावायची की पेरायची?

विट्याच्या एका वाचकाने विचारलंय: "मिरजेत तंबोरा दुरुस्तीला दिला. कारागीर म्हणाले, 'जवारी गेलीय, काढून घ्यावी लागेल.' जी गेलीच आहे ती काढायची कशी? ही जवारी म्हणजे आपला जोंधळाच का? आणि लिहायचं कसं, जवारी, जव्हारी की ज्वारी?"

आधी जोंधळ्याचं मिटवू. आपल्याकडे शेतात असतो तो जोंधळा नाहीतर शाळू. 'ज्वारी' हा शब्द मार्केट यार्डातल्या फळ्यावरचा आणि रेशनकार्डावरचा. कोशकार त्याचं नातं 'यव' या धान्यवाचक शब्दाशी लावतात. तंबोऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. तारेखाली ज्वारीच्या दाण्याएवढी फट ठेवतात म्हणून जवारी, अशी एक व्युत्पत्ती गप्पांत ऐकायला मिळते. ती सांगणाऱ्याने तारांखालच्या घोडीजवळ डोळा नेऊन पाहिलेलं नसतं. तिथे ज्वारीचा दाणा शिरेल एवढी फट पडली, तर तंबोरा वाजेल, पण जवारी बोलणार नाही.

सांगली-कोल्हापूरकडे आणखी एक जवारी आहे आणि खरा घोटाळा तीच करते. जवारी लसूण, जवारी मिरची, जवारी कोंबडी. म्हणजे गावठी, संकरित नसलेली. हा शब्द कानडीतही सर्रास याच अर्थाने चालतो आणि आपल्या सीमाभागात तर तो दोन्ही भाषांचा आहे. त्यामुळे मिरजेच्या लक्ष्मी मार्केटात लसूण घेताना ऐकलेली जवारी आणि तिथून चालत सतारमेकर गल्लीत गेल्यावर ऐकलेली जवारी एकच वाटली, तर नवल नाही. एकच उच्चार आणि दोन निराळे शब्द, एवढंच ते.

आता वाद्याकडे येऊ, कारण वस्तू डोळ्यांसमोर असल्याशिवाय हा शब्द कळत नाही. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर लाकडी तबली, म्हणजे झाकणाची पातळ फळी असते आणि तबलीवर घोडी. या घोडीवरून चारही तारा जातात. व्हायोलिनची घोडी कडेने पातळ असते, तार तिला एका रेघेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असते, तिचा माथा सपाट दिसतो. दिसतो म्हणजे तसा असत नाही. त्याला अगदी किंचित उतार आणि गोलाई दिलेली असते. तार कंप पावताना या गोलाईला घासत राहते, त्यामुळे तिची वाजती लांबी क्षणाक्षणाला थोडी कमीजास्त होते. त्या घासण्यातून मूळ स्वरासोबत वरचे स्वरांश, म्हणजे त्याच तारेतून निघणारे उंच उपस्वर, उमलून येतात. तंबोऱ्याचा तो झणकारता, भरलेला नाद म्हणजे जवारी. खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गांधार हा तिचा पाचवा स्वरांश. तो जवारी चांगली असेल तर स्पष्ट ऐकू येतो, नसेल तर कान ताणावे लागतात.

यामागचं शास्त्र १९२१ च्या सुमारास सी. व्ही. रामन यांनी मांडलं. नेहमीच्या नियमाप्रमाणे तार जिथे छेडावी, तिथे ज्या स्वरांशाचा स्थिरबिंदू, म्हणजे न हलणारी जागा असते तो स्वरांश उमटू नये. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा गैरहजर हवेत. तंबोऱ्यात आणि वीणेत ते हजर असतात. रामन यांनी याचं कारण घोडीच्या या विशिष्ट आकारात शोधलं. मिरजेत कानस चालवणाऱ्याला हा नियम माहीत असो वा नसो, तो मोडायचा कसा हे हाताला पक्कं ठाऊक असतं.

म्हणजे घोडी ही वस्तू आणि जवारी हा तिच्या माथ्याचा गुण, त्यातून येणाऱ्या नादाचाही गुण. हिंदीत घोडीलाच जवारी म्हटलेलं आढळतं, म्हणून हिंदीवरून मराठीत आणलेल्या मजकुरात 'हाडाची जवारी' वगैरे वाचायला मिळतं. मराठीत घोडी हा शब्द हाताशी असताना ही गल्लत कशाला? आणि तिसरी वस्तू म्हणजे तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेला बारीक धागा. तो 'जीव'. त्याला नुसतं सूत म्हणणारेही आहेत. धागा केसभर पुढेमागे सरकवला की नाद उघडतो किंवा मिटतो. गायक बैठकीला बसल्यावर खुंट्या पिळून सूर लावतो, तारेत ओवलेले मणी सरकवून तो बारीक करतो आणि शेवटी जीव सरकवतो. ही तिन्ही कामं वेगळी आहेत. वर्तमानपत्रातल्या वृत्तांतात 'तंबोऱ्याची जवारी जुळवून गायनाला सुरुवात केली' असं येतं तेव्हा लिहिणाऱ्याला सूर जुळवणं म्हणायचं असतं. जवारी काही बैठकीत काढता येत नाही.

मग 'काढणे'. या क्रियापदाने वाचकाला फसवलंय, पण त्यात त्यांचा दोष नाही, मराठी काढणे आहेच तसं दुतोंडी. काटा काढतो तेव्हा तो बाहेर जातो, चित्र काढतो तेव्हा नसलेलं येतं. आवाज काढणे, आठवण काढणे, गाईची धार काढणे हे सगळे 'आत आहे ते बाहेर आणणे' या घरातले. जवारी काढणे तिथलंच. घोडीत नाद दडलेला असतो, तो घासून बाहेर आणायचा. सुरीची धार जाते, मग आपण ती धारवाल्याकडून लावून आणतो, तशी तंबोऱ्याची जवारी जाते. 'जवारी लावणे'ही चालतं, चूक नाही. 'काढणे' मात्र कारागिराच्या तोंडचं आहे, म्हणून माझं मत त्याच्या बाजूने.

जवारी जाते म्हणजे काय, हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. तारा वर्षानुवर्षं एकाच जागी घासून घोडीच्या माथ्यावर बारीक चरे पाडतात. तार चऱ्यात बसली की तिला घासायला गोलाई उरत नाही, नाद कोंदट होतो. कारागीर तार उतरवतो, माथ्यावरून कानस फिरवतो, मग पॉलिश पेपर, पुन्हा तार चढवतो, छेडतो, मान वाकडी करून ऐकतो. पुन्हा उतरवतो. चार तारांच्या जाडी सारख्या नसतात, म्हणून प्रत्येकीखालची गोलाई वेगळी. मधल्या पोलादी तारांच्या जोडीला जमलेली पितळी खर्जाला जमेलच असं नाही. आणि कानसीचा एक हात जास्त बसला, तर आजूबाजूचा सगळा माथा पुन्हा खाली आणावा लागतो.

इथे मिरजेचा इतिहास या शब्दाला येऊन भिडतो, आणि मला तरी हा भाग व्युत्पत्तीपेक्षा जास्त आवडतो. मिरजेत सतारी-तंबोरे करणारी मूळ घराणी शिकलगारांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, संस्थानी शस्त्रांची मागणी ओसरली तेव्हा फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून ही परंपरा सुरू झाल्याचं सांगतात. शिकलगार हा शब्द फारसी-अरबी 'सैकल'वरून आला, अर्थ घासून चकाकी आणणे. तलवारीला पाणी देणारे हात घोडीवर आले, घासणं सुटलं नाही. सतारमेकर हे आडनाव तर भाषेच्या दृष्टीने वेगळ्या लेखाचा विषय आहे, अर्धं फारसी, अर्धं इंग्रजी आणि पूर्ण मिरजेचं. याच सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कागदोपत्री 'तानपुरा' आलंय. मिरजेत अजून तंबोरा म्हणतात, आपणही म्हणावं.

राहिली व्युत्पत्ती. जवाहीर-जव्हेरी या शब्दांशी जोडणारे आहेत. नाद रत्नासारखा झळकतो म्हणे. ऐकायला गोड, पण पुरावा शून्य. मला 'जीव'कडची वाट पटते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त एकतंत्री वीणेचं वर्णन करताना 'जीवा' सांगितली आहे: तार आणि घोडीवरची पट्टी यांच्यामध्ये बसवायची बांबूची बारीक काडी. काम तेच, आजच्या धाग्याचं. संस्कृतात जीवा म्हणजे धनुष्याची दोरीही. जीवा ते जिवारी, जिवारी ते जवारी, असा प्रवास धरला तर दीर्घाचा ऱ्हस्व होणं मराठी कानाला खटकत नाही. 'जीव'चं 'जिवाला' आपण रोज करतो. पुढे 'जि'चा 'ज' होणं ही कच्ची कडी आहे, ती झाकत नाही. पण 'जिव्हारी लागणे'मधलं जिव्हार, म्हणजे मर्म, शेजारी ठेवून पाहा. कारागिरांच्या तोंडी 'जव्हारी' असा जो उच्चार येतो तो या शब्दाच्या किती जवळ जातो! दोन्ही शब्द एकच असं मी म्हणत नाही. बोलणाऱ्यांच्या कानात ते एकमेकांना ओढत असणार, इतकंच.

लिहिताना 'जवारी' लिहावं. 'जव्हारी' उच्चारात आहे, कथेत-संवादात जरूर यावं, पण जव्हार नावाचं गाव असल्याने वाचणाऱ्याचा पाय घसरतो. 'ज्वारी' मात्र भाकरीसाठी राखून ठेवा.

वाचकाने टपालात जाता जाता 'जवारीदार आवाज' म्हणजे गोड आवाज का, असंही विचारलंय. नाही. ज्या आवाजात मूळ स्वराभोवती वरच्या स्वरांशांची झणक ऐकू येते तो जवारीदार. तो गोड असू शकतो, खडाही असू शकतो. किराणा घराण्याच्या गाण्याबद्दल हा शब्द वारंवार वापरतात, आणि त्या घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्यापाशीच त्यांचं दफन झालं. वाद्यं दुरुस्त करण्यातही त्यांचा हात होता. तेव्हा त्यांच्या बाबतीत 'जवारी' ही समीक्षकाची उपमा राहत नाही, कारखान्यातला शब्द होतो. विट्याच्या वाचकांनी तंबोरा परत आणायला जाताना कारागिराला 'खुली ठेवलीत की बंद?' एवढं विचारावं. खुली म्हणजे झणक जास्त, बंद म्हणजे आवळलेली, गोलसर. उत्तर काहीही आलं तरी तारा तिथेच छेडून, नीट ऐकून मगच वाद्य गाडीत घालावं.