आधी दमसास

पोरा,

शनिवारी हाताची पट्टी सोडता सोडता तू विचारलंस, "सर, हेवीवेटला, सगळ्यात जड गटात, बॉक्सिंग भारी की एमएमए, ती पिंजऱ्यातली ठोसे-लाथा-कुस्ती सगळं चालणारी?" मी "पाणी पी आणि घरी जा" म्हणालो. माझं चुकलं. पण तुझ्या प्रश्नाआधी जे घडलं ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. तिसरा राउंड संपायला अजून चाळीस सेकंद होते. तू दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून वाकलेला, दातांवरची गमशिल्ड अर्धी ओठांबाहेर, नाकातून थेंब थेंब मॅटवर. समोरचा पोरगा चौऱ्याऐंशी किलोचा, तू एकशे चार. तो तुझ्याभोवती फिरत होता आणि तू त्याला नुसता बघत होतास. आणि अशा अवस्थेत तुला बॉक्सिंगचा फ्युरी व्हायचंय की एमएमएचा एन्गानू, हे ठरवायचं होतं!

त्या दोघांच्या लढतीची, तुम्ही पोरं सारखी बघता ती क्लिप मीही पाहिलीय. २८ ऑक्टोबर २०२३, रियाध, तिसरा राउंड. आयुष्यात पहिल्यांदाच व्यावसायिक बॉक्सिंग लढणाऱ्या एन्गानूचा डावा हूक, आणि टायसन फ्युरी खाली. त्या दहा सेकंदांनी निम्म्या पोरांची डोकी फिरवलीत. त्यापुढचे सात राउंड बघितलेस का? फ्युरी खाली बसला, मोजणी ऐकली, उठला, जॅबच्या, पुढच्या हाताच्या सरळ ठोशांच्या, आड गेला आणि गुणांवर निसटता का होईना जिंकला. बॉक्सिंगमध्ये पडलेल्याला दहा आकडे मिळतात. ते दहा आकडे म्हणजे सात-आठ श्वास. पिंजऱ्यात फ्युरी पुरता पडायच्या आत एन्गानू त्याच्या छातीवर असता. फ्युरीनं २०१८ मध्ये वाइल्डर या बॉक्सरसमोर बाराव्या राउंडला जे केलं, मेल्यासारखा पडून पुन्हा उठला, तो चमत्कार त्या आकड्यांमुळेच घडू शकला. एमएमएमध्ये मोजणीच नाही.

मग मार्च २०२४ ला जोशुआ या बॉक्सरनं त्याच एन्गानूला दुसऱ्या राउंडमध्ये झोपवलं, आणि आमच्या पिढीचे लोक लागले नाचायला, बघा, शेवटी बॉक्सिंगच. अरे, २०१० मध्ये जेम्स टोनी, अनेक वजनगटांत पट्टे मिळवलेला बॉक्सर, पिंजऱ्यात गेला तेव्हा एमएमएच्या रँडी कुटूरनं काय केलं? खाली वाकला, आपल्याकडचा एकेरी पट काढतात तसा पाय ओढला आणि पहिल्याच राउंडमध्ये गळा आवळून संपवलं. आणि त्याच्या वर्षभर आधी अठ्ठेचाळीस वर्षांच्या रे मर्सर या बॉक्सरनं यूएफसीचा, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या संघटनेचा, माजी हेवीवेट विजेता टिम सिल्विया याला एमएमएच्याच नियमांत नऊ सेकंदांत पाडलं. काय सिद्ध झालं? काहीही नाही. हा कट्ट्यावर चहा पिताना घालायचा वाद आहे. तुझ्या वयात मीही घालायचो, फक्त तेव्हा तो कुस्ती भारी की बॉक्सिंग असा असायचा.

तुला विचारायचंच असेल तर एवढंच विचार, दम कुठे संपतो? हेवीवेटमध्ये दुसरा प्रश्नच नाही. एका ठोशात समोरच्याला पाडणं हे त्या वजनात सगळ्यांनाच येतं. तो ठोसा नवव्या राउंडला कोणाच्या हातात उरतो, यावर पट्टा ठरतो.

बॉक्सिंगची जगज्जेतेपदाची लढत बारा राउंडांची, तीन-तीन मिनिटांची. म्हणजे छत्तीस मिनिटं, आणि अकरा वेळा स्टूलवर बसायला मिळतं. यूएफसीमध्ये पट्ट्याची लढत पाच राउंडांची, पाच-पाच मिनिटांची. पंचवीसच मिनिटं, म्हणून पोरांना सोपं वाटतं. पण तिथे बसायला चारच वेळा मिळतं, आणि मधल्या वेळात ११५ किलोचा माणूस तुझ्या बरगड्यांवर झोपलेला असतो. त्याला वर ढकलायला लागणारा दम आणि जॅब मारायला लागणारा दम वेगवेगळ्या विहिरींतून येतो. तालमीत होतास, तुला हे मी सांगायला नको. खालचा पैलवान वरच्यापेक्षा दुप्पट दमतो.

एन्गानूचीच गोष्ट घे, तुझाच हिरो. जानेवारी २०१८ मध्ये यूएफसीच्या पट्ट्यासाठी मिओचिचविरुद्ध त्यानं पहिल्या राउंडमध्ये सगळा पगार उडवला. पुढचे चार राउंड तो तोंड उघडं टाकून उभा होता आणि मिओचिच त्याला पाडत होता, दाबत होता. तो ओहायोतला अग्निशमन दलाचा माणूस, वजनानंही हलका, पण श्वासाचा हिशेब ठेवणारा. तीन वर्षांनी, मार्च २०२१ मध्ये, एन्गानू पुन्हा आला. घाई नाही. पट अडवला, वाट पाहिली आणि दुसऱ्या राउंडमध्ये काम संपवलं. तोच हात, तीच ताकद. मधल्या काळात काय शिकला, सांग बरं?

आणि बॉक्सिंगमधला उसिक. मे २०२४, समोर फ्युरी. फ्युरी त्याच्यापेक्षा पंधरा-सतरा किलोनं जड, उंचीनंही मोठा. मधल्या राउंडांत उसिकला चांगला चोप बसला. नवव्यात फ्युरी दोरांवरून दोरांवर आपटत होता, पंचांना मोजणी करावी लागली. लेनॉक्स लुईसनंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी सगळे पट्टे एका हेवीवेटकडे आले, आणि तो हेवीवेट मुळात क्रूझरवेटमधून, म्हणजे खालच्या वजनगटातून, वर आलेला. बॉक्सिंगच्या हेवीवेटला वरची मर्यादाच नाही, दोनशे पौंडांच्या वर कितीही. एमएमएमध्ये २६५ पौंडांवर काटा थांबतो. म्हणून तू वजन वाढवायच्या मागे लागलायस, ते आधी बंद कर. दमसास, पोरा. दमसास.

हा शब्द माझा नाही. आमच्या वस्तादांचा आहे. पहाटे चारला तालमीतला मातीचा हौद उकरायला लावायचे. मला वाटायचं, फुकटचा मजूर मिळालाय म्हणून राबवतात. दोन वर्षांनी तालीम सोडून शहरात बॉक्सिंगला आलो, कारण इथे माती नव्हती, आरसे होते. राज्य स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पहिल्या राउंडला मी समोरच्याला दोनदा मोजणी दिली. दुसऱ्यात मारायला हात वर होईनात. तिसऱ्यात मी त्याला मिठी मारून उभा होतो, लग्नात आहेर द्यायला आल्यासारखा. पंच चुकले असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगितलं. तुलाही सांगितलंय. पंच चुकले नव्हते. (एक गुण त्यांनी खाल्ला, हे मात्र आजही म्हणेन.)

तू मित्राला म्हणालास म्हणे, की सरांना पोरं सुटतील याची भीती आहे म्हणून ते एमएमएला नावं ठेवतात. कानावर आलं. रागही आला, कारण अर्धं खरं आहे. तुझ्याआधी एक पोरगा असाच गेला, तुझ्याहून चपळ. मी त्याला म्हणालो, जा, पण परत येऊ नकोस. त्याची पहिली लढत मी मोबाइलवर पाहिली. पहिल्या राउंडला पाडला गेला आणि चार मिनिटं खाली पडून राहिला. फार मार खाल्ला नाही, नुसता गुदमरला. मला तेव्हा कळलं की मी त्याला खालून श्वास घ्यायला कधी शिकवलंच नव्हतं. माझ्याकडे कुस्ती होती. हौद होता. मी ते सगळं जुनाट म्हणून सोडून दिलेलं. त्याला फोनही केला नाही. आता म्हणशील, मग चूक कबूल करा ना. करतोय की. पण त्यानंही मला फोन केला नव्हता, हेही लक्षात घे.

तुला जायचं असेल तर जा. अर्जन भुल्लर कुस्तीतूनच तिकडे गेला, २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कॅनडासाठी सुवर्ण, आणि २०२१ मध्ये वन चॅम्पियनशिप या एमएमए संघटनेचा हेवीवेट पट्टा. तुझ्या अंगात पट आहे, तो बॉक्सिंगमध्ये वाया जातो, हे मला दिसतं. आईला नोकरीची काळजी आहे तर तिला सांग, बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आहे, राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, एमएमए मात्र ऑलिंपिकमध्ये नाही. तो हिशेब घरात बसून करा, मला त्यात ओढू नका.

पण निवडशील तेव्हा हे दोन हात बघून निवड. दहा औंसांच्या ग्लोव्हजमागे तू गाल लपवतोस, ते चार औंसांच्या ग्लोव्हजमागे लपत नाहीत. ठोसा फटीतून आत येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबीला यूएफसीच्या हेवीवेट पट्ट्याच्या लढतीत अॅस्पिनॉलच्या डोळ्यात गानची बोटं गेली आणि लढतच निकालाविना संपली, कारण तिथे बोटं उघडी असतात. आणि तू बॉक्सिंगमध्ये पुढच्या पायावर सगळं वजन टाकून उभा राहतोस. तिथे त्याच पायाच्या पोटरीवर तीन लाथा बसल्या की चौथ्या वेळी पाय जागेवर नसतो.

सहा महिने दे मला. तीन दिवस रिंग, तीन दिवस माती. स्टेशनमागच्या तालमीतल्या वस्तादांशी कालच बोललो, ते म्हणाले पोराला लंगोट घेऊन पाठवा आणि खोरं इथे आहे. मीही येणार आहे. या वयात मला उकरताना बघून हसलास तर वीस सपाटे जास्त.

सोमवारी पावणेपाचला. आणि ती गमशिल्ड डबीत ठेवत जा, खिशात नको, परवा तिला विडीचा वास येत होता. विडी कोणाची, ते नंतर बोलू.

तुझा,
सर