नखावर थांबलेला थेंब

ताई,
मी ३४ वर्षांची, एका मुलीची आई. दोनेक वर्षांत माझ्या नखांची पार रया गेलीय. कागदासारखी पातळ झालीत, जरा कुठे अडकलं की सोलतात. परवा घरच्या कार्यक्रमात नणंदेनं सगळ्यांदेखत माझा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "अगं, काय ही नखं! स्वतःकडे जरा लक्ष दे की." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा शेजारीच उभा होता, चकार शब्द बोलला नाही. तेव्हापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलते. मी काय कमी करते? जेल पॉलिश लावते, बायोटिन घेते, लोहाच्या गोळ्या तर लेक झाल्यापासून चालूच आहेत. लेकीला मात्र माझी नखं आवडतात. ती त्यांवर पाण्याचा थेंब ठेवते आणि तो पडत नाही म्हणून टाळ्या पिटते. आता मैत्रीण म्हणते म्हणून एक तारखेपासून गहूही सोडणार आहे. पण नणंदेला तिची जागा कशी दाखवू? आणि नवऱ्याला माफ करू का?

—

ताई म्हणालीस, म्हणून एकेरीवरच येते. नणंदेला आज बाजूला ठेव, नवऱ्यालाही. तुझ्या पत्रातलं एकच वाक्य मी चारदा वाचलं: थेंब पडत नाही.

अगं, थेंब पडायला हवा. चांगलं नख मधोमध किंचित फुगीर असतं, त्यावर पाणी टाकलं की कडेनं ओघळतं. तुझ्या नखाला खळगा पडलाय. मध्य खाली बसलाय, कडा वर आल्यात, म्हणून पाणी तिथे ठरतं. डॉक्टर याला चमच्यासारखं नख म्हणतात, आणि थेंब ठरतो का हे पाहणं ही त्यांचीही साधी, जुनी परीक्षा आहे. तुझ्या लेकीनं खेळता खेळता ती करून टाकली आणि तू त्यावर पॉलिश फासत बसलीस.

नखाला असा खळगा पडतो तो बहुतेकदा अंगातलं लोह आटल्यामुळे. आता तुझं दुसरं वाक्य बघ, तेही तू जाता जाता टाकलंयस: लोहाच्या गोळ्या लेक झाल्यापासून चालू. लेक आता टाळ्या पिटण्याएवढी झाली. इतकी वर्षं गोळ्या गिळूनही नख खोलगट राहत असेल, तर हे लोह जातंय कुठे, असं एकदाही कुणाला विचारावंसं वाटलं नाही तुला? मला राग येतोय तो याचा.

पाळीत फार रक्त जात असेल तर तिथे जातं. गोळ्या नीट घेतल्या जात नसतील तर अंगाला लागतच नाहीत. पण आणखी एक शक्यता आहे, आणि ती वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे सिलिॲक आजार. गहू, जव, राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. हा आजार असलेल्या माणसानं ते खाल्लं की शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याला आतून बोटांसारखे बारीक बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ते झिजतात, सपाट होतात. सगळ्यात जास्त मार बसतो आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला, आणि लोह मुख्यतः तिथेच शोषलं जातं. मग गोळी पोटात जाते, अंगी मात्र लागत नाही. जस्त, फॉलिक ॲसिड यांचंही तेच होतं. नखं पातळ होतात, सोलतात, फिकी पडतात. यासाठी पोट बिघडलेलंच असायला हवं असं नाही. कित्येक मोठ्या माणसांत न हटणारा ॲनिमिया हीच काय ती खूण असते.

मी डॉक्टर नाही, आणि नुसतं नख बघून सिलिॲक आहे असं कुणीच म्हणू शकत नाही. म्हणूनच तपासणी करायची. आणि म्हणूनच गहू सोडायचा नाही! एक तारखेचा तो बेत आजच मोड. गहू खाणं चालू असतं तोवरच त्या उलटलेल्या प्रतिकारशक्तीनं रक्तात सोडलेल्या प्रतिपिंडांवरून हा आजार पकडता येतो. एकदा सोडलास की ती हळूहळू उतरतात, आतडंही भरून यायला लागतं, आणि रिपोर्ट 'सगळं ठीक' म्हणून हातात येतो. मग खरं काय ते कळण्यासाठी पुन्हा किमान सहा आठवडे रोज गहू खा, त्रास सोस, आणि परत तपास. मैत्रिणीनं मायेनंच सांगितलं असेल, पण याबाबतीत तिचं ऐकू नकोस.

या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. सिलिॲकची प्रतिपिंडं शोधणारी टीटीजी-आयजीए आणि त्यासोबत एकूण आयजीए, या दोन रक्ततपासण्या माग. दुसरी यासाठी, की काहींच्या अंगात आयजीए हा प्रतिपिंडांचा प्रकार मुळातच कमी असतो आणि मग पहिली तपासणी फसते. फेरिटिनही, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बघायला सांग. त्यात काही निघालं तर एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासतील, घाबरू नकोस. बायोटिन घेतेस हे आधीच सांग. त्यानं काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१७ मध्ये तसा इशाराही दिलाय. आणि पॉलिश काढून जा. निघण्यापूर्वी लेकीला थेंब ठेवायला सांग, नख बाजूनं दिसेल असा फोटो काढ आणि तो डॉक्टरांपुढे धर.

कारण सापडलं, उपचार लागू पडला, तरी नखं लगेच सुधारणार नाहीत. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहाएक महिने जातात. तेव्हा टोकाकडे नको, मुळाकडे बघत जा.

नणंदेचं म्हणशील, तर तुझा हात हातात घेऊन नीट पाहणारी त्या घरात मोठ्यांपैकी ती एकटीच निघाली. तिला जागा दाखवायला मी शब्द पुरवणार नाही. नवऱ्याशी अबोला मोडायचा तर आजच मोड. त्याला सांग, तपासणीला जायचंय, सोबत चल.

आणि एक. सिलिॲक निघालाच, तर तो घराण्यातून येतो. आई, वडील, भावंडं, मुलं, यांच्यात तो असण्याची शक्यता दहात एकाच्या आसपास असते. मग लेकीचंही रक्त तपासायचं, तिला काही त्रास नसला तरी. तुझ्या नखांबद्दल तू पानभर लिहिलंस. तो थेंब ठेवणाऱ्या चिमुकल्या बोटांची नखं कशी आहेत, ते कुठे लिहिलंच नाहीस.